शुश्रूषेचे तास कोण मोजतो?

श्रोते हो, 'नर्सिंग होम' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तालुक्याच्या गावचा दहा-वीस खाटांचा खासगी दवाखाना उभा राहतो. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. वार्धक्यामुळे किंवा दीर्घ आजारामुळे जी माणसं परस्वाधीन झाली, त्यांचं ते राहण्याचं ठिकाण. आपण त्याला शुश्रूषागृह म्हणू. खाटेला खिळलेल्याला कुशीवर वळवायचं, घास भरवायचा, अंग पुसायचं, शौचाला न्यायचं ही तिथली रोजची कामं. आणि ती बहुतांशी परिचारिकांच्या हाताखालच्या सेविका करतात. वेळेवर कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. तेव्हा दिवसाकाठी आपल्या वाट्याला माणसाचा हात किती वेळ येतो, यावर तिथल्या म्हाताऱ्याचं सुखदुःख अवलंबून असतं.

हा वेळ मोजायचा कसा? आज त्यासाठी सेविकेच्या बिल्ल्यात बसवलेला सेन्सर वापरता येतो. ती कोणत्या खोलीत किती मिनिटं होती, याची नोंद तो आपोआप पाठवतो. साधन नवं आहे, पण त्यामागचा प्रश्न पावणेतीनशे वर्षांचा आहे. तोच इतिहास आज थोडक्यात पाहू.

अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातल्या डर्बी गावी जॉन व्हाइटहर्स्ट नावाचा एक घड्याळजी होता. रात्रीचा पहारेकरी जागा राहतो की नाही, हे मालकाला कळावं म्हणून त्याने एक घड्याळ केलं. तबकडीच्या कडेने खुंट्या बसवलेल्या. नेमलेल्या वेळी पहारेकऱ्याने त्या वेळेची खुंटी आत दाबायची. वेळ टळली की ती खुंटी दाबता येत नसे. सकाळी ज्या खुंट्या वर राहिलेल्या दिसत, तेवढ्या वेळा गडी झोपला होता असं समजायचं! लोकांनी त्या घड्याळाला नाव दिलं चुगलखोर.

पुढे १८८८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने हजेरीचं घड्याळ तयार केलं. प्रत्येक कामगाराला त्याच्या क्रमांकाची किल्ली द्यायची. ती घड्याळात फिरवली की क्रमांक आणि वेळ कागदाच्या पट्टीवर उमटत असे. बंडी बंधूंचा हा धंदा इतर कंपन्यांत मिसळत गेला आणि १९२४ साली त्या संयुक्त कंपनीने आयबीएम हे नाव घेतलं. आजच्या संगणकयुगाच्या एका नामांकित कंपनीच्या मुळाशी असं हे हजेरीचं घड्याळ आहे.

हजेरीनंतर पाळी आली हालचालींची. फ्रेडरिक टेलर या इंजिनिअराने हातात थांबघड्याळ घेऊन कामगाराची एकेक हालचाल मोजायला सांगितलं. १९११ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात हे घड्याळ आलं आणि ओतकामाच्या कामगारांनी संप केला. प्रकरण थेट अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं. १९१५ साली काँग्रेसने सरकारी शस्त्रागारांत थांबघड्याळाने काम मोजायला पैसा द्यायचाच नाही, असं ठरवलं. कामगारांचा राग कामावर नव्हता. आपल्याला यंत्राच्या भागासारखं मोजलं जातं, याचा तो राग होता.

हा झाला कारखान्याचा इतिहास. शुश्रूषेच्या क्षेत्रात मात्र मोजमापाची सुरुवात दुसऱ्या टोकाने झाली. १८५३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका रुग्णालयाची व्यवस्था पाहू लागल्या. त्यांनी अशा घंटा मागितल्या, की रुग्णाने दोरी ओढताच त्याच्या घंटेची झडप उघडावी आणि ती उघडीच राहावी. म्हणजे कोणी बोलावलं हे परिचारिकेला कळेल. चुगली इथेही आहेच, पण ती रुग्णाच्या बाजूने आहे. चुगलखोर घड्याळ विचारत होतं, 'गडी जागा आहे का?' नाइटिंगेलबाईंची घंटा सांगत होती, 'इथे कोणाला तरी तुमची गरज आहे.' हा फरक ध्यानात ठेवा.

आता शुश्रूषागृहांकडे वळू. १९६५ साली अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजनांचा कायदा झाला. सरकारचा पैसा आला, तशी खासगी शुश्रूषागृहं भराभर वाढली. आणि हेळसांडीच्या तक्रारीही वाढल्या. शेवटी १९८७ साली कायदा झाला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे सातही दिवस नोंदणीकृत परिचारिका हजर हवी, असं बंधन आलं. पण तास मोजणार कोण? वार्षिक तपासणीच्या वेळी मागच्या दोन आठवड्यांत किती माणसं कामावर होती, हे शुश्रूषागृहाने स्वतःच एका फॉर्मात भरून द्यायचं. आपल्याकडे मस्टर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यातली गोम सांगायला नको. तपासणीच्या सुमारास माणसं वाढतात आणि कागद तर भरणाऱ्याच्या हातात!

२०१० सालच्या आरोग्य-विमा कायद्याने यावर उपाय सांगितला. तासांचा हिशेब पगारपत्रकावरून द्यावा. ज्याला पगार दिला, त्याचेच तास धरावेत. २०१६ पासून हे सक्तीचं झालं. २०१८ साली हे आकडे जाहीर झाल्यावर वृत्तपत्रांनी जुन्या आकड्यांशी ताळा घातला, तेव्हा दहांपैकी सात शुश्रूषागृहांत आधी सांगितल्यापेक्षा माणसं कमी निघाली. शनिवार-रविवारी तर परिचारिका सरासरीने ११ टक्के आणि सेविका ८ टक्के कमी असत. म्हाताऱ्याची भूक आणि दुखणं काही रविवारी सुट्टी घेत नाही.

येथे इतिहासाने एक वळण घेतलं, ते पाहा. अडीचशेहून अधिक वर्षं घड्याळाचं तोंड कामगाराकडे होतं. या कायद्याने ते मालकाकडे फिरवलं. प्रश्न असा झाला, की सेविका आली का, हे राहू द्या. तुम्ही पुरेशा सेविका ठेवल्या का?

पुरेशा म्हणजे किती? २०२४ साली केंद्र सरकारने नियम केला, की दर रहिवाशामागे दर दिवशी शुश्रूषेचे ३.४८ तास हवेत, त्यांतले २.४५ तास सेविकांचे. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावं. ६० रहिवासी असतील तर सेविकांचे १४७ तास झाले. आठ तासांची पाळी धरली तर दिवसभराच्या तीन पाळ्यांत मिळून सुमारे १८ सेविका लागल्या. म्हणजे एका पाळीत सहा जणी, आणि एकेकीकडे दहा म्हातारी माणसं. एवढी साधी अपेक्षा. पण माणसं मिळत नाहीत आणि खर्च झेपत नाही, असं म्हणून मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०२५ साली टेक्ससच्या केंद्रीय न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला आणि त्याच वर्षी काँग्रेसने त्याच्या अंमलबजावणीला २०३४ पर्यंत स्थगिती दिली.

तरी पगारपत्रक तरी काय सांगतं? माणूस इमारतीत होता, एवढंच. कोणाच्या खाटेपाशी होता, हे त्याला ठाऊक नसतं. ही उणीव सेन्सर भरून काढू पाहतो. याचा पूर्वज इंग्लंडातल्या केंब्रिजचा. तिथल्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत १९८९ ते १९९२ या काळात एक बिल्ला तयार झाला. तो दर १५ सेकंदांनी अदृश्य अवरक्त किरणांतून आपला क्रमांक पाठवी, आणि भिंतीवरचा ग्राहक तो टिपून घेई. माणूस ज्या खोलीत असेल तिथला टेलिफोन वाजावा, एवढाच त्या वेळी हेतू होता. आज रेडिओलहरींवर चालणारे बिल्ले हेच काम करतात.

यातून खरा फायदा होऊ शकतो. एखाद्या खोलीत रात्रभर कोणी गेलंच नाही, ही गोष्ट मग लपत नाही. तीस जणांचं काम एकट्या सेविकेवर टाकलं होतं, हेही लपत नाही. तिच्यावर आळ आला तर तोच बिल्ला तिची साक्ष देईल. पण सेन्सरला खोलीतली मिनिटं कळतात, हातातली माया कळत नाही. वीस मिनिटं खुर्चीत बसून राहणारी आणि वीस मिनिटं हळूहळू घास भरवणारी, या दोघींची नोंद सारखीच. शिवाय त्या मिनिटांवरून पगार कापू लागलात, तर सेविका म्हाताऱ्याकडे पाहणार नाही, घड्याळाकडे पाहील. वॉटरटाउनचा राग मग शुश्रूषागृहात शिरेल.

म्हणून, श्रोते हो, उद्या आपल्या शाळेत, दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात असं एखादं यंत्र आलं, तर त्याला नुसता विरोध करू नका आणि नुसत्या टाळ्याही वाजवू नका. तीन प्रश्न विचारा. हे यंत्र कोणाला मोजतं? त्याचे आकडे कोणाच्या हाती जातात, मालकाच्या एकट्याच्या की रहिवाशांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्याही? आणि आकडा कमी निघाला, तर शिक्षा सेविकेला होते, की आणखी एक सेविका नेमली जाते? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की ते चुगलखोर घड्याळ आहे की नाइटिंगेलबाईंची घंटा, हे तुमचं तुम्हालाच कळेल.