बालकल्याण संस्था व बालहक्कांचा पाठपुरावा

निराधार, उपेक्षित वा अपचारी बालकांचा सांभाळ करण्याबरोबरच कायदा, न्यायालय व शासन यांपुढे त्यांची बाजू मांडण्याचे कार्य स्वयंसेवी संस्था व त्यांतील समाजकार्यकर्ते करतात. यांपैकी बहुतेक संस्था शासकीय अनुदानावर अवलंबून असतात. ज्याच्याकडून पैसा घ्यावयाचा त्याच्याच उणिवांवर बोट ठेवावयाचे, हा पेच त्यामुळे या कार्यात प्रारंभापासून आहे. या दृष्टीने मुंबईचा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

भारतीय तुरुंग समितीने (१९१९–२०) बालगुन्हेगारांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याची शिफारस केली. त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांत बाल अधिनियम संमत झाले. मुंबईतील अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये ‘चिल्ड्रेन्स एड सोसायटी’ स्थापन झाली. तिचे स्वरूप संमिश्र होते : संस्था धर्मादाय, पण काम कायद्याने नेमून दिलेले आणि खर्चाचा मोठा भार सरकारी तिजोरीवर. डोंगरी (उमरखाडी) व मानखुर्द येथील तिची बालगृहे मुंबईकरांना परिचित आहेत. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरची चौकशी करून त्याच्या परिस्थितीचा अहवाल बालन्यायालयापुढे ठेवीत. मुलाच्या वतीने बोलण्याची पद्धतशीर सुरुवात या साध्या अहवालातून झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. अशा कामासाठी प्रशिक्षित माणसे पुरविणारी पहिली भारतीय संस्था, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय, १९३६ मध्ये मुंबईतच निघाली.

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय समाजकल्याण मंडळाची स्थापना झाली (१९५३) व अनुदानाचा ओघ देशभर पसरला. संस्था वाढल्या, त्यांचा आवाज त्या मानाने वाढला नाही. तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला तो शीला बारसे या पत्रकार स्त्रीने, कोणा अनुदानित संस्थेने नव्हे, ही गोष्ट विसरता येत नाही. त्या याचिकेवर न्यायालयाने १९८६ मध्ये संपूर्ण देशासाठी एकच कायदा असणे इष्ट मानले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम संमत झाला. २००० च्या अधिनियमाने बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्त्यांना स्थान दिले. अहवाल देणारा आता निर्णय देणाऱ्यांत बसू लागला.

टाटा समाजविज्ञान संस्थेचा क्षेत्रप्रकल्प म्हणून १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ‘चाइल्डलाइन’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा मुंबईत सुरू झाली. तिचा क्रमांक १०९८, म्हणजे ‘दहा-नऊ-आठ’, हा रस्त्यावरच्या मुलांनाही सहज लक्षात राहण्याजोगा आहे. १९९९ मध्ये ‘चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन’ स्थापन होऊन केंद्र शासनाच्या निधीवर व स्थानिक संस्थांच्या साहाय्याने ही सेवा देशभर विस्तारली. मुंबईतील एका आश्रयगृहातील मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले (२००८), तेव्हा या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. २०११ मध्ये शिक्षा कायम झाली. अर्थात येथे महाराष्ट्र शासनही अपीलकर्ते होते. अनुदानदाता व अनुदानित एकाच बाजूस असल्याने त्यांच्या संबंधांची खरी कसोटी या प्रकरणात लागली नाही.

२०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १०९८ ही सेवा स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याकडून टप्प्याटप्प्याने काढून घेतली आणि राज्य व जिल्हा यंत्रणांकडे सोपविली. आपत्कालीन क्रमांक ११२ शीही ती जोडण्यात आली. मुलाच्या तक्रारीचा दूरध्वनी तेव्हापासून शासनाच्याच नियंत्रण कक्षात घेतला जाऊ लागला.