सात, बारा, सोळा, अठरा : कायद्याला दिसलेले बालक

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. राजाच्या शिपायांनी मौनात असलेल्या ऋषींनाच धरले आणि सुळावर चढवले. पुढे ते यमधर्माकडे गेले आणि विचारते झाले, हे माझ्या कोणत्या पापाचे फळ? उत्तर मिळाले की, बालपणी तुम्ही एका किड्याच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती.

मांडव्यांनी त्यावर थेट धर्मालाच शाप दिला. अजाण वयातील कृत्यासाठी एवढी शिक्षा देणारा तू दासीच्या पोटी जन्म घेशील! त्या शापातून विदुराचा जन्म झाला. कथेचा हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच दमात मांडव्यांनी घालून दिलेला नियम मात्र सहसा सांगितला जात नाही : चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही. न्याय देणाऱ्याने आरोपीचे वय पाहिले नाही, तर शिक्षा न्याय देणाऱ्यालाच.

स्मृतिग्रंथांतही असे टप्पे आढळतात. नारदस्मृती आठव्या वर्षापर्यंतच्या मुलाला गर्भातील जिवासारखे मानते आणि सोळाव्या वर्षापर्यंत त्याला ‘पोगंड’ म्हणते. मराठीतला ‘पौगंडावस्था’ हा शब्द याच घराण्यातला. सोळा वर्षांखालील व्यक्तीला प्रायश्चित्त निम्मेच, असे वचन अंगिरसाच्या नावावर सांगितले जाते. प्रत्यक्ष निवाड्यांत हे किती पाळले गेले असेल, हा प्रश्न वेगळा. मात्र वयाची रेषा कुठे ओढावी हा वाद इंग्रजांनी इथे आणला, असे समजण्याचे कारण नाही.

इंग्रजांनी आणली ती एकसारखी, छापील रेषा. १८३७ साली मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली. तिच्या कलम ८२ नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. कलम ८३ नुसार सात ते बारा या वयातील मुलाला आपण काय करतो आहोत आणि त्याचे परिणाम काय, हे कळण्याइतकी समज आलेली नसेल, तर तोही गुन्हा नाही. (सात आणि बारा हे आकडे मराठी माणसाला जमिनीच्या उताऱ्यामुळे पाठ असतात, हा सातबारा मात्र फारसा कुणी काढून पाहत नाही.) इंग्लंडच्या परंपरेत ही वरची मर्यादा चौदा होती. हिंदुस्थानसाठी ती दोन वर्षांनी खाली आली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तिच्या कलम २० आणि २१ मध्ये सात आणि बारा हे आकडे जसेच्या तसे आहेत.

बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे काय? दंडसंहितेच्या दृष्टीने तो प्रौढच. त्याच्यासाठी सरकारकडे तुरुंग होता आणि तुरुंगाला पर्याय म्हणून वेत होता. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यानुसार, मृत्युदंडास पात्र नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यासाठी अल्पवयीन गुन्हेगाराला इतर शिक्षेऐवजी फटके देता येत. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फटक्यांची कमाल संख्या ठरवली : प्रौढांना तीस, सोळा वर्षांखालील मुलांना पंधरा. बालपणाची किंमत शासनाने इथे अगदी अंकगणिताने मांडली आहे, निम्मी. प्रौढ कैद्यांच्या संगतीत मूल बिघडते, त्यापेक्षा फटके मारून घरी पाठवलेले बरे, असा यामागचा युक्तिवाद होता. त्याला दयेची छटाही होती, हे मान्य करावे लागते. फटक्यांची शिक्षा रद्द व्हायला मात्र १९५५ साल उजाडावे लागले.

आता मुंबईकडे वळू, कारण या इतिहासातील महत्त्वाचे प्रयोग इथे झाले. १८५० च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने दंडाधिकाऱ्याला अनाथ, टाकलेल्या मुलांचा आणि भटकेगिरी किंवा किरकोळ गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेल्या मुलांचा पालक म्हणून वागण्याचा अधिकार दिला. दहा ते अठरा वयाच्या अशा मुलाला तो एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देऊ शकत असे. कायद्यातील ही यादी नीट पाहिली पाहिजे. अनाथ, गरीब, भटका आणि चोर हे चौघेही एकाच वाक्यात आहेत. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कायदे बदलले, पण गरिबी आणि गुन्हा यांची ही गाठ सुटली नाही.

त्याच सुमारास मुंबईतील वृत्तपत्र-संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी शिवडीला मुलांसाठी उद्योगशाळा काढली. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीने तिला स्थैर्य आले आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बगदादहून आलेल्या या ज्यू व्यापाऱ्याची संपत्ती कापसाबरोबरच अफूच्या व्यापारातून उभी राहिली होती. मुंबईच्या दानशूरपणाचे हिशेब बऱ्याचदा असेच असतात. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ही याच संस्थेची आजची ओळख.

१८७६ मध्ये आणि पुढे सुधारून १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे आले. १८९७ च्या कायद्याखाली पंधरा वर्षांखालील दोषी मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येई. मुदतीचा हा आकडा मला फार बोलका वाटतो. किरकोळ चोरीसाठी प्रौढाला काही आठवड्यांची कैद होत असताना, तेच करणाऱ्या मुलाला ‘सुधारण्यासाठी’ किमान तीन वर्षे घरापासून दूर राहावे लागे. शिक्षा कृत्याच्या मापाने मोजली जाते. सुधारणेला असे माप नसते. शिवाय हा कायदा फक्त मुलग्यांसाठी होता. मुलींचा विचारच त्यात नव्हता.

इतिहासकार सतद्रू सेन यांनी ‘कलोनियल चाइल्डहुड्स’ (२००५) या ग्रंथात या संस्थांचा मागोवा घेतला आहे. एतद्देशीय मूल हे खरोखर ‘मूल’ आहे का, घडवता येण्याजोगे आहे का, याविषयी वसाहतीच्या अधिकाऱ्यांच्या मनात खोल संशय होता, हा त्यांच्या विवेचनातील मुख्य धागा. हा संशय सर्वांत उघडा पडतो तो ‘गुन्हेगार जमाती’ कायद्यात. १८९७ मध्येच, म्हणजे सुधारशाळा कायद्याच्याच वर्षी, १८७१ च्या त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधार-वसाहतीत ठेवण्याची तरतूद आली. ही मुले कशातही दोषी ठरलेली नव्हती. त्यांचा जन्म हाच पुरावा होता.

१९११ च्या नव्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. इथे वयाची खालची मर्यादा चारावरून सहावर गेली, एवढाच फरक. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत कितीतरी पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तरीही पारधी वस्तीतील पोराकडे पाहण्याची पोलीस ठाण्याची नजर त्या दिवशी बदलली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

यानंतरचा टप्पा बाल न्यायालयांचा. शिकागोत १८९९ मध्ये पहिले बाल न्यायालय स्थापन झाले, इंग्लंडमध्ये १९०८ चा बालकायदा आला आणि १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये व स्वतंत्र कायदे असावेत अशी शिफारस केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये बालकायदा केला. मुंबईत त्याची घडी बसली ती १९२७ मध्ये, चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाल्यावर.

डोंगरीतील उमरखाडीचे रिमांड होम याच संस्थेचे. त्याची जागा मराठी वाचकाला अपरिचित नसावी. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात भोगली. आगरकरांनी तिथल्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले. पुढे त्याच तुरुंगाच्या आवारात मुलांना ठेवू लागले. मुलांना तुरुंगापासून वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याला मुंबईने जागा दिली ती जुन्या तुरुंगाची.

या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यात एक नवी गोष्ट होती आणि ती मोठी होती : परिविक्षा अधिकारी. हा मनुष्य मुलाच्या घरी जाई. खोली केवढी, बाप काय करतो, आई आहे की नाही, शाळा कधी सुटली, सोबती कोण, हे सगळे लिहून न्यायालयापुढे ठेवी. ‘काय केले’ याच्या जोडीला ‘हा कोण आहे’ हा प्रश्न न्यायालयात प्रथमच अधिकृतपणे विचारला जाऊ लागला. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा संस्था (आजची ‘टिस’) निघाली, तेव्हा असे काम करणारी शिकलेली माणसेही मिळू लागली.

दोष राहिला तो जुनाच. हरवलेले, टाकलेले, भीक मागणारे आणि चोरी करणारे मूल एकाच दारातून आत जात होते. १९४८ च्या नव्या मुंबई बालकायद्यानेही हे बदलले नाही.

शिवाय बालकायदे प्रांतोप्रांती निराळे होते. एका राज्यातील ‘बालक’ शेजारच्या राज्यात प्रौढ ठरे आणि सरळ तुरुंगात जाई. हे चित्र बदलण्यात मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांचा वाटा मोठा. देशभरच्या तुरुंगांत सोळा वर्षांखालील मुले आहेत, ही बाब त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंग तपासण्यास सांगितले आणि १९८६ मध्ये संपूर्ण देशासाठी एकच कायदा असावा असे मत व्यक्त केले. त्याच वर्षी बाल न्याय कायदा संमत झाला. पुढे सरकारच्या चालढकलीला कंटाळून बारसे यांनी याचिका मागे घेऊ पाहिली, तेव्हा न्यायालयाने सांगितले की, तुम्ही बाजूला होऊ शकता, प्रकरण मात्र आता तुमचे एकटीचे राहिलेले नाही. जनहित याचिकांच्या इतिहासात हा प्रसंग अजून पुरेसा वाचला गेलेला नाही, असे मला वाटते.

१९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी मर्यादा होती. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली आणि २००० च्या कायद्याने ही मर्यादा सर्वांसाठी अठरा झाली. ‘बालगुन्हेगार’ जाऊन ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा जड शब्द आला. शब्द अवघड आहे, पण त्यामागचा हेतू चुकीचा नाही.

नंतरचा भाग सर्वांच्या स्मरणात आहे, म्हणून थोडक्यात. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील प्रकरणातील एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. न्या. वर्मा समितीने वय कमी करू नये असे सांगितले. तो तीन वर्षांनी सुटला आणि दोनच दिवसांनी, २२ डिसेंबर २०१५ ला, राज्यसभेने नवा कायदा संमत केला. आता सोळा ते अठरा वयातील मुलावर ‘घृणास्पद’ गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा, आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासून त्याला प्रौढांप्रमाणे खटल्यासाठी पाठवू शकते. कलम ८३ मधील ‘समज’ची परीक्षा अशी नव्या रूपाने परत आली, पण दिशा उलटी. १८६० मध्ये ती मुलाला सोडवण्यासाठी होती, आता अडकवण्यासाठी आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाला अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा महाराष्ट्रभर उसळलेला संताप या कायद्याहून अधिक पैशाच्या वजनावर होता, असे माझे मत आहे.

राहता राहिला वयाचा पुरावा. वर्षानुवर्षे आपल्याकडे जन्माची नोंद न झालेल्या मुलांना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख देऊन टाकली. अर्धा महाराष्ट्र त्या दिवशी वाढदिवस साजरा करतो. आपण त्यावर हसतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या पोरासाठी मात्र सगळे त्याच एका नोंदीवर अवलंबून असते. शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल, तर हाडांची तपासणी होते आणि ती वयाचा अंदाजच सांगू शकते.

१९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली. त्या प्रकरणात राजस्थानातून आलेल्या एका आरोपीला १९९८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्याच्या कागदांत त्याचे वय विशीच्या आसपासचे नोंदलेले होते. आपण त्या वेळी बालक होतो, हा दावा कायद्याने कधीही, अंतिम निकालानंतरही करता येतो. २०१८ मध्ये त्याने तो केला. न्यायालयाच्या आदेशावरून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. गावच्या शाळेतील नोंदीत नाव थोडे निराळे होते, पण मुलगा तोच निघाला. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केला आणि त्याला मुक्त केले. १९९४ मध्ये लागू असलेल्या कायद्यानेही तो बालकच होता आणि त्याला फाशी देता येत नव्हती. आजच्या कायद्यात त्या वयाच्या मुलाला ठेवण्याची कमाल मुदत तीन वर्षे आहे. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि बाहेर आला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता.