भाड्यासाठी घर घेताना : हप्ता, कर आणि गंगाजळी

खान्देशातील मध्यमवर्गीयाची बचत पूर्वापार सोन्यात आणि जमिनीत जात आली आहे. अलीकडे तीत आणखी एका पर्यायाची भर पडली आहे. राहते घर झाले की दुसरा फ्लॅट घ्यायचा, तो भाड्याने द्यायचा आणि भाड्यातून कर्ज फेडायचे. जळगावात विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय व औद्योगिक वसाहत आहे. धुळ्यात वैद्यकीय महाविद्यालय आणि महामार्गावरचा व्यापार आहे. त्यामुळे दोन्ही शहरांत भाडेकरूंची वानवा नाही. तरीही भाड्यातून हप्ता सुटेल, हे गृहीत धरून व्यवहार करणे धोक्याचे ठरते. कारण घर रिकामे राहते तेव्हाही बँकेचा हप्ता थांबत नाही.

प्रत्यक्ष हिशेब

उदाहरणादाखल २५ लाख रुपयांचा फ्लॅट घेऊ. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेने किमतीच्या ९० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. तथापि दुसऱ्या घरासाठी ८० टक्के, म्हणजे २० लाख रुपये कर्ज मिळेल असे धरणे सावधपणाचे होईल. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी त्याचा मासिक हप्ता सुमारे १७,३५० रुपये होतो. भाडे दरमहा ८,००० रुपये आले, तर ९,३५० रुपये दरमहा पगारातून घालावे लागतात. वर्षाचे भाडे ९६,००० रुपये, म्हणजे घराच्या किमतीच्या चार टक्क्यांहूनही कमी. व्याज मात्र साडेआठ टक्के. हे अंतर ठाऊक असूनही घर घ्यायचे असेल, तर ते किंमतवाढीच्या अपेक्षेने घेतले जात आहे, भाड्यासाठी नव्हे, हे स्वतःशी मान्य करावे.

खरेदीच्या वेळचा खर्चही मोठा असतो. महापालिका हद्दीत स्थानिक अधिभारासह मुद्रांक शुल्क साधारणतः ६ टक्के आणि नोंदणी शुल्क १ टक्का (कमाल ३०,००० रुपये) धरावे. या उदाहरणात ही रक्कम १ लाख ७५ हजार रुपये होते. निवासी खरेदी केवळ महिलेच्या नावे असल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. दहा लाखांवरील घरासाठी कर्ज ठरवताना हे खर्च किमतीत धरले जात नाहीत. त्यामुळे ५ लाखांच्या स्वहिश्शाबरोबर ही रक्कमही रोखीने तयार हवी.

कराची बाजू

भाड्याचे उत्पन्न ‘घरापासूनचे उत्पन्न’ या सदरात मोडते. वार्षिक भाड्यातून मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. मात्र खर्च त्याहून अधिक झाला तरी जादा वजावटही नाही. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमातही (अंमल १ एप्रिल २०२६ पासून) ही वजावट कायम आहे. त्यानंतर कर्जाचे व्याज वजा होते.

घरपट्टी ६,००० रुपये धरल्यास ९०,००० रुपये उरतात. ३० टक्के वजा जाता ६३,०००. पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे १ लाख ६८ हजार रुपये. म्हणजे १ लाख ५ हजार रुपयांचा तोटा. जुन्या करप्रणालीत असा तोटा वर्षाला २ लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तो इतर उत्पन्नातून वजा होत नाही, आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली हाच मूळ पर्याय आहे. ‘कर्ज काढा, कर वाचेल’ हा सल्ला म्हणूनच आपली प्रणाली तपासल्याशिवाय मानू नये.

करारनामा

अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला की पुरे, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क अवघे पाव टक्का, तर शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे.

थकबाकीचे उदाहरण जळगावकरांसमोरच आहे. महापालिकेच्या अनेक व्यापारी संकुलांतील गाळ्यांची मुदत २०१२ साली संपली आणि थकीत भाड्याचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. संस्थेची ही गत, तर एकट्या मालकाने किती सावध असावे!

गंगाजळी किती, कोठे?

विद्यार्थी भाडेकरू एप्रिल-मेमध्ये घर सोडतात. रंगकाम, गच्चीची गळती, पाण्याची टाकी वा मोटर यांचा खर्च सांगून येत नाही. म्हणून सहा हप्ते (१ लाख ४ हजार), वर्षाची घरपट्टी (६ हजार) आणि दुरुस्तीसाठी ३० हजार, असे १ लाख ४० हजार रुपये बाजूला असावेत. भाडेकरूची अनामत रक्कम यात धरू नये. ती परत द्यावयाची असते.

ही रक्कम बँकेच्या बचत खात्यात वा मुदत ठेवीत ठेवावी. बँकेतील ठेवींना प्रति ठेवीदार, प्रति बँक ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही. पतसंस्थांत ठेवी अडकल्याचे दुःख जळगाव जिल्ह्याने अनुभवले आहे.

स्वहिस्सा, शुल्क आणि गंगाजळी मिळून ८ लाख १५ हजार रुपये होतात, म्हणजे किमतीच्या जवळपास एकतृतीयांश. एवढी रक्कम हाती नसेल, तर आणखी दोन वर्षे बचत करणे इष्ट. घर पुढेही मिळेल; थकलेल्या हप्त्याने गेलेली पत मात्र सहजी परत येत नाही.