कास पठार : फुलं वाचवायला घातलेलं कुंपण काढावं का लागलं?

सप्टेंबर उजाडला की इन्स्टाग्रामवर कास पठाराचे रील्स सुरू होतात. जांभळा गालिचा, वर धुकं आणि मध्ये हात पसरून उभं कुणीतरी. हा गालिचा पसरतो त्या जागी माती मात्र जेमतेम काही इंच असते.

साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवरचं हे पठार जांभा खडकाचं आहे. मातीचा थर पातळ, त्यात अन्नद्रव्यं तुटपुंजी. मोठी झाडं इथे फारशी तग धरत नाहीत, म्हणूनच तेरडा, गेंद, सीतेची आसवं अशा बुटक्या वनस्पतींना मोकळं रान मिळतं. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण चक्क कीटकभक्षी! टोपली कारवीचा बहर तर सात वर्षांतून एकदाच येतो.

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा जाहीर केलं. त्यात कासही होतं. मग गर्दी वाढली. इथली बरीच फुलझाडं एका हंगामाची. बी पडण्याआधीच ती तुडवली गेली, तर पुढच्या वर्षीचं फूलही गेलं. त्यामुळे वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समितीने प्रवेश शुल्क, ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाला ठरावीक पर्यटक अशी पद्धत आणली. पठाराच्या काही भागाला तारेचं कुंपणही घातलं.

मग चुकलं कुठे?

कुंपणाने माणसं अडली, तशी गुरंही अडली. पिढ्यान् पिढ्या आसपासच्या गावांची जनावरं इथे चरत आली होती. ती गवत खात, त्यामुळे गवत माजत नसे. शेणातून थोडंफार खतही मिळे. चराई थांबल्यावर उंच गवत वाढलं, बुटक्या फुलझाडांचं ऊन अडलं आणि फुलं कमी झाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. गावकरी हेच सांगत होते. त्यांचं आधी ऐकलं असतं तर? अर्थात, सगळा दोष कुंपणावर टाकणंही बरोबर नाही. पावसाचं बिघडलेलं वेळापत्रक आणि वाहनांची वर्दळही आहेच. अखेर कुंपण काढण्यात आलं.

जाणार असाल तर

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा हंगाम. बुकिंग आधी करा, शक्यतो शनिवार-रविवार टाळा. आणि फोटोसाठी फुलांत बसू नका, पायवाटेवरूनही फोटो छान येतात.