शेत चौदाव्या नोंदीत, गोठा पंधराव्या

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची कोणी आवडीने वाचत नाही. आम्हा प्रशासकांना ती कामापुरती उघडावी लागते आणि काम झाले की मिटावी लागते. परंतु तिच्यातील चौदावी व पंधरावी या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तर आपल्या देशातील कृषिशिक्षणाचा अर्धा इतिहास हाती लागतो, असे मला वाटत आले आहे. चौदावी नोंद शेतीची. कृषिशिक्षण व संशोधन, किडींपासून संरक्षण आणि वनस्पतिरोगांचा प्रतिबंध हे सारे तिच्यात येते. पंधरावी नोंद पशुधनाची. त्याचे जतन, संरक्षण व सुधारणा, पशुरोगांचा प्रतिबंध, आणि पशुवैद्यकीय प्रशिक्षण व व्यवसाय. शब्दांकडे पाहावे. शेतीच्या वाट्याला ‘शिक्षण व संशोधन’ आले. जनावरांच्या वाट्याला ‘प्रशिक्षण व व्यवसाय’. शेतीचा अभ्यास करायचा आणि जनावरांवर उपचार करायचे, अशी ही वाटणी. गाय काय खाते, किती दूध देते, तिच्यावर किती खर्च होतो आणि तिच्या शेणाचे शेतात काय होते, हा अभ्यास नेमका कोणत्या नोंदीत बसतो, ते वाचकांनी स्वतः ठरवावे.

ही वाटणी संविधानकारांनी नव्याने केली असेही नाही. १९१९ च्या सुधारणांनंतरच्या नियमांत शेती आणि मुलकी पशुवैद्यक खाते हे दोन विषय वेगळे होते. १९३५ च्या कायद्याने शेती, पशुसुधारणा, पशुवैद्यक, इतकेच काय पण कोंडवाडेसुद्धा, एकाच नोंदीत गुंफले. १९५० मध्ये त्याच नोंदीच्या तीन नोंदी झाल्या. गंमत अशी की त्याच संविधानाच्या अनुच्छेद ४८ मध्ये शेती आणि पशुसंवर्धन यांचे आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटन करावे, असे एकाच वाक्यात सांगितले आहे.

शेतकऱ्याला हा भेद ठाऊक नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी सरकारला परदेशातील उत्तम शेळ्यामेंढ्यांचे बेणे आणून येथे पैदास करण्याची सूचना केली आहे. या सूचनेमागे लोकरीचा विचार आहेच; पण त्याबरोबर, किंबहुना त्याच्याही आधी, येतो तो खताचा विचार. जनावरे वाढली तर शेते सुपीक होतील, असा त्यांचा सरळ हिशेब होता. जंगलखात्याने चराऊ राने बंद केल्यामुळे गुरांची, आणि गुरांमुळे शेतीची, जी दुर्दशा झाली तिचेही वर्णन त्याच पुस्तकात आहे. आजच्या भाषेत याला एकात्मिक शेती म्हणतात व त्यावर परिसंवाद होतात.

त्या वेळी सरकारच्या दप्तरात मात्र पशूंची कथा वेगळ्या दाराने शिरली होती. पशुवैद्यकाचा आरंभ झाला तो मुख्यतः लष्कराच्या घोड्यांसाठी, आणि पुढे बुळकांडीच्या भयाने. या साथीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ठरली. त्याच पुण्यात सायन्स कॉलेजात १८७९ पासून शेतीचे वर्ग चालत होते. म्हणजे एकाच गावात शेतीचा विद्यार्थी माती तपासत होता आणि जंतुशास्त्रज्ञ रोगाचे जंतू. दोघांचे वरिष्ठ वेगळे, अंदाजपत्रक वेगळे. पशुवैद्यकाच्या या शाखेने पुढे जे केले ते असामान्यच होते. भारत बुळकांडीतून मुक्त झाला आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून तो रोग नाहीसा झाल्याची घोषणा झाली. माणसाने समूळ नष्ट केलेले रोग केवळ दोन, देवी आणि हा. तेव्हा वैद्यकाचे स्वतंत्र खाते असावे, याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही.

प्रश्न उत्पादनाचा होता. पैदास, खाद्य, निवारा, दुधाचा हिशेब ही कामे कोणी करायची? याबाबत प्रांताप्रांतांत मतभेद होते. पंजाबात हिस्सारचे प्रसिद्ध गुरांचे क्षेत्र पशुवैद्यक खात्याकडे होते. मुंबई इलाख्यात पशुधनतज्ज्ञ शेतीखात्यात बसत असे. लॉर्ड लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने (१९२६-२८) या साऱ्याचा ऊहापोह केला आणि त्याच्या शिफारशीतून १९२९ मध्ये आजची भारतीय कृषी संशोधन परिषद जन्मली. परंतु परिषदेच्या सावलीत जे मंडळ भरत असे त्याचेही दोन पाखे होते. एक पिके व मृदा यांचा, दुसरा पशुसंवर्धनाचा. लिन्लिथगो १९३६ मध्ये व्हाइसरॉय होऊन आले. बिहारमधील पुसा येथील संस्था १९३४ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली होती; ती दिल्लीत हलवून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी तिचे उद्घाटन केले. गावोगावी चांगले वळू देणगी द्यावेत, असे आवाहनही त्यांनी त्याच सुमारास केले. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला ‘पुसा’ म्हणजे करोलबागेच्या पुढचा हिरवा परिसर एवढेच ठाऊक असते; हे नाव बिहारातील एका गावाचे आहे, हे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते.

स्वातंत्र्यानंतर या कथेत दोन मराठी नावे येतात. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. कृषिशिक्षणाची पुनर्रचना कशी करावी हे पाहण्यासाठी १९५४-५५ मध्ये पहिले भारत-अमेरिका संयुक्त पथक नेमले गेले, त्याचे अध्यक्ष होते कृषी संशोधन परिषदेचे तत्कालीन उपाध्यक्ष के. आर. दामले. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने उभ्या राहिलेल्या विद्यापीठांचा नमुना या पथकासमोर होता. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली, आणि शेतीशी निगडित सर्व शाखाही एका छपराखाली, असा तो नमुना. १९५९ मध्ये एम. एस. रंधावा यांच्या अध्यक्षतेखाली दुसरे पथक नेमले गेले. नोव्हेंबर १९६० मध्ये पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. ज्या वर्षी दुसरे पथक काम करत होते त्याच वर्षाअखेर पंजाबरावांच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले आणि त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित राहिले. पुसापासून फार दूर नसलेल्या शादीपूरला दिल्ली दुग्ध योजनाही त्याच नोव्हेंबरात सुरू झाली होती. शेती आणि दूध यांची त्या वर्षी राजधानीत अशी जवळीक होती.

महाराष्ट्रात १९६८ मध्ये एक कृषी विद्यापीठ निघाले आणि १९७२ पर्यंत त्यांची संख्या चार झाली. राहुरीला फुल्यांचे नाव, अकोल्याला पंजाबरावांचे. पशुवैद्यक महाविद्यालयेही याच विद्यापीठांच्या पोटात होती. मुंबईचे दापोलीकडे, नागपूरचे अकोल्याकडे, परभणीचे परभणीकडे, पुढे शिरवळचे राहुरीकडे. राहुरीला तयार झालेली ‘फुले त्रिवेणी’ ही गीर, जर्सी आणि होल्स्टिन यांचा संकर असलेली गाय या व्यवस्थेचे अपत्य. अर्थात अमेरिकन नमुन्यातील एक महत्त्वाचा तपशील आपल्याकडे येताना गळला. तेथे पशुउत्पादन हा कृषी महाविद्यालयातील पीकशास्त्राइतकाच भरभक्कम विभाग असतो आणि पशुवैद्यक ही निराळी व्यावसायिक पदवी. आपण पशुवैद्यकाच्याच पदवीला ‘व पशुसंवर्धन’ अशी जोड दिली. परिणामी पशुउत्पादन हळूहळू वैद्यकाकडे सरकले. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने त्या पदवीला स्वतंत्र नियामक मिळाला. १९८९ मध्ये तमिळनाडूने देशातील पहिले पशुवैद्यक विद्यापीठ काढले आणि २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. चारही कृषी विद्यापीठांतील पशुवैद्यक महाविद्यालये तिकडे गेली. मागे राहिले ते पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र विभाग आणि त्यांचे गोठे.

२०१७ च्या पाचव्या अधिष्ठाता समितीने बी.एस्सी. कृषी या पदवीचा जो देशव्यापी आराखडा दिला, त्यात पशुधन व कुक्कुटपालनासाठी एक अनिवार्य विषय होता, चार श्रेयांकांचा. संपूर्ण पदवी सुमारे एकशे ऐंशी श्रेयांकांची. आता राष्ट्रीय लेखे पाहू. शेती व संलग्न क्षेत्रांच्या एकूण मूल्यवर्धनात २०२२-२३ मध्ये पशुधनाचा वाटा सुमारे तीस टक्के होता. २०१४-१५ मध्ये तो चोवीस टक्क्यांच्या आसपास होता. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला श्रेयांक आणि मूल्यवर्धन यांची टक्केवारी एकास एक जुळावी, असे मुळीच वाटत नाही. परंतु एकीकडे दोन-अडीच टक्के आणि दुसरीकडे तीस, ही तफावत कोणत्याही तर्काने समजावता येत नाही. २०२४-२५ पासून सहाव्या समितीची रचना लागू झाली, तरी पदवीचा मूळ सांगाडा पिकांचाच आहे.

याची किंमत कोण मोजतो, ते पाहायचे तर ज्वारीकडे पाहावे. जुन्या दख्खनी शेतकऱ्याच्या दृष्टीने ज्वारीची दोन उत्पादने होती, दाणा आणि कडबा. मोहोळला निवड झालेली मालदांडी रब्बीत इतकी वर्षे टिकली ती भाकरीच्या चवीइतकीच कडब्याच्या गुणामुळे. १९६४ मध्ये पहिली संकरित ज्वारी आली. ती बुटकी होती आणि दाण्याला भारी होती. पीकशास्त्रज्ञाने हेक्टरी दाणा मोजला, कारण त्याला तेवढेच मोजायला शिकवले होते. कडबा हा त्याच्या वहीत ‘उपपदार्थ’ होता. पशुवैद्याच्या वहीत तर ज्वारीच नव्हती. पुढे विदर्भात सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीची जागा घेतली, तेव्हा दाण्याच्या दृष्टीने तो बाजाराचा निर्णय होता, आणि तो शेतकऱ्याने विचारपूर्वकच घेतला. कडब्याच्या दृष्टीने काय झाले, याचा हिशेब ठेवणे कोणाच्याही कर्तव्यसूचीत नव्हते. देशातील लागवडीखालील क्षेत्रापैकी चाऱ्याखाली सुमारे चार टक्के क्षेत्र आहे आणि कित्येक दशके ते जवळजवळ हललेले नाही.

जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पुनर्वसन पॅकेज जाहीर केले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता. जोडधंदा असावा म्हणून पन्नास टक्के अनुदानावर दुधाळ जनावरे देण्याचे कलम त्यात होते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कागदावर ती योजना मीही मंजूर केली असती. पण जेथे कडबा उरला नव्हता आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणी मिळण्याची मारामार, तेथे अधिक खाणारी संकरित गाय पोहोचली. गायीला खाऊ घालणे परवडेना म्हणून अनेकांनी ती विकली, हे त्या काळच्या वृत्तपत्रांतून आले आहे. पशुसंवर्धन खात्याने जनावर दिले. त्याच शिवारात चारा पिकेल का, हे पाहणे कृषी खात्याचे काम. पंचायत समितीत ही दोन्ही कार्यालये एकाच आवारात असतात. मात्र एका कार्यालयात कृषी पदवीधर असतो व दुसऱ्यात पशुवैद्य, आणि गायीच्या आहाराचा एकरांत हिशेब करायला दोघांपैकी कोणालाही पुरेसे शिकवलेले नसते.

या विषयाकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष गेले होते, हे येथे नोंदवले पाहिजे. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९६४ मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’त गुरांच्या संख्येच्या प्रश्नावर लिहिले. पुढे १९६९-७० मध्ये के. एन. राज आणि मार्व्हिन हॅरिस यांच्या मतांच्या निमित्ताने त्यांनी जो वाद घातला, त्यातील खवचटपणा आजही वाचनीय आहे. बैल, शेण, चारा आणि दूध यांचा एकत्र हिशेब करण्याची जिद्द त्या वादात होती. कृषी महाविद्यालयांच्या क्रमिक पुस्तकांत मला ती आढळली नाही.

मे २०१९ मध्ये केंद्रात मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय हे स्वतंत्र मंत्रालय झाले. क्षेत्राचे महत्त्व पाहता ते योग्यच होते. कृषिशिक्षण आणि संशोधन परिषद मात्र कृषी मंत्रालयातच राहिली. त्यामुळे पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमाची किमान मानके ठरवणारी परिषद एका मंत्रालयात आणि कृषी पदवीतील पशुविज्ञानाचा आराखडा ठरवणारी दुसऱ्या मंत्रालयात, अशी स्थिती आली. दिल्लीत धारिकेला एका मंत्रालयातून दुसऱ्यात जायला किती वेळ लागतो, हे वाचकांना सांगायला नको.

नोएडातील एका मराठी परिचितांच्या मुलीने मला विचारले होते की, तिला गावी जाऊन दुधाचा व्यवसाय उभा करायचा आहे, तर पदवी कोणती घ्यावी? पशुवैद्यकाची साडेपाच वर्षे तिला शस्त्रक्रिया शिकवतील, कृषीची चार वर्षे पिके. दुग्धतंत्रज्ञान घेतले तर दूध डेअरीत आल्यानंतरचे सारे कळेल. गोठ्यापासून बांधापर्यंतचे सलग शिक्षण देणारी पदवी मी तिला सुचवू शकलो नाही.

नवी पदवी काढणे हा एक मार्ग आहे. मला तो फारसा पसंत नाही, कारण नव्या पदवीला नवी परिषद आणि नव्या पदांचे सेवाप्रवेश नियम लागतात आणि त्यात एक दशक जाते. त्याहून सोपे काही करता येईल. कृषी पदवीच्या अंतिम वर्षी विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहतात. महाराष्ट्रात त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही आंतरवासिता करावी लागते. राहुरीचे दहा आणि शिरवळचे दहा विद्यार्थी एकाच तालुक्यातील त्याच गावांत त्याच महिन्यांत पाठवावेत. गावातील पन्नास घरांचा चारा, पाणी, शेण आणि दूध यांचा ताळेबंद त्यांनी मिळून मांडावा आणि त्यावर दोघांनाही गुण द्यावेत. यासाठी दोन कुलगुरूंमध्ये एक करार लागेल आणि वेळापत्रकाचा मेळ घालावा लागेल. सुरुवात अमरावती किंवा यवतमाळ जिल्ह्यात करायची, तर अकोला आणि नागपूर ही दोन विद्यापीठे त्यासाठी जवळची आहेत.