स्ट्रॉबेरीचा नवा वाण कसा तयार होतो आणि तो कोणाचा असतो?

जानेवारीत पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरी घेताना विक्रेत्याला वाण विचारला, तर बहुधा ‘विंटर डॉन’, ‘स्वीट चार्ली’ किंवा ‘कॅमारोसा’ असे उत्तर मिळते. पहिले दोन वाण अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने तयार केले, तर तिसरा कॅलिफोर्निया विद्यापीठाने. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते ठिकाणाच्या नावाला आहे, रोपाला नाही. माती, थंडी आणि मेहनत इथली, वंशावळ मात्र साता समुद्रापलीकडची. दर वर्षी परदेशातून मातृरोपे येतात, रोपवाटिकेत त्यांच्यापासून नवी रोपे केली जातात आणि पावसाळा ओसरला की ती गादीवाफ्यांवर लागतात.

या वाणांवर कोणीतरी अनेक वर्षे काम केलेले असते. त्या कामाचे दोन भाग आहेत. हजारो रोपांतून एक रोप निवडायचे आणि मग त्याचे असे वर्णन करायचे की जगातल्या दुसऱ्या कोणत्याही स्ट्रॉबेरीशी त्याची गल्लत होणार नाही. पहिल्या भागाबद्दल बरेच बोलले जाते. पैसा आणि भांडणे मात्र दुसऱ्या भागाभोवती फिरतात.

एक वाण म्हणजे एकच रोप

गव्हाच्या वाणाचे बी पेरले की तोच गहू उगवतो. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून कलम करावे लागते. स्ट्रॉबेरी या बाबतीत आंब्याच्या जातकुळीतली. तिच्या बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे असते. कलमाचे काम इथे रनर करतात. रोपाच्या बुंध्यातून निघणारी ही लांब धावती खोडे जमिनीला टेकतात, तिथे मुळे फुटतात आणि मूळ रोपाची हुबेहूब नक्कल तयार होते. त्यामुळे जगात आजवर लावलेले स्वीट चार्लीचे प्रत्येक रोप म्हणजे फ्लोरिडात कधीकाळी बियांपासून उगवलेल्या एकाच रोपाचा तुकडा आहे.

बियांपासून आलेली रोपे इतकी वेगवेगळी का निघतात, याचे उत्तर स्ट्रॉबेरीच्या गुणसूत्रांत आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या स्ट्रॉबेरीत आठ. युरोपच्या जंगलातली चिमुकली रानस्ट्रॉबेरी १४ गुणसूत्रांवर भागवते, लागवडीच्या स्ट्रॉबेरीत ती ५६ असतात. एकाच फळातल्या दोन बियांच्या वाट्यालाही सारखी सरमिसळ येत नाही. पैदासकाराला निवडीला इतका वाव मिळतो तो याचमुळे, आणि त्याची डोकेदुखीही हीच.

(‘बिया’ हा शब्द इथे सोयीसाठी. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने स्ट्रॉबेरीवरचा प्रत्येक दाणा हे स्वतंत्र कोरडे फळ आहे आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ.)

ही स्ट्रॉबेरी मुळात निसर्गात नव्हतीच. १७१४ मध्ये अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता चिलीच्या किनाऱ्यावरून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची काही रोपे घेऊन फ्रान्सला परतला. त्याने भरघोस फळे दिसणारी रोपे निवडली आणि नेमकी ती सगळी मादी निघाली. परागकणांवाचून युरोपात त्यांना फळ धरेना. पुढे जवळपास उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी जात लावल्यावर फळे धरली आणि दोन खंडांच्या या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्मली. हे कोडे आंत्वान निकोला द्युशेन या तरुण फ्रेंच अभ्यासकाने उलगडले आणि १७६६ मध्ये पुस्तकात मांडले. स्ट्रॉबेरीत नर आणि मादी रोपे वेगळी असू शकतात, हे तोवर बागायतदारांच्या ध्यानीमनीही नव्हते.

संकर: चिमटा, कुंचला आणि पिशवी

प्रत्यक्ष संकर करण्याचे तंत्र फारसे बदललेले नाही. मादी म्हणून निवडलेल्या रोपाची कळी उमलण्याच्या एक-दोन दिवस आधी बारीक चिमट्याने तिचे सगळे पुंकेसर काढतात, नाहीतर फूल स्वतःच्याच परागांनी फळून बसते. मग नर रोपाचे परागकण कुंचल्याने मधल्या स्त्रीकेसरांवर लावतात आणि मधमाशीने मध्ये लुडबूड करू नये म्हणून फूल पिशवीत झाकतात. महिनाभरात फळ पिकते. त्याचे दाणे वेगळे काढतात. त्यांचे कवच टणक असल्यामुळे काही काळ थंडीत ठेवून किंवा तीव्र आम्लात थोडा वेळ बुडवून ते उगवते करतात.

कोणता नर आणि कोणती मादी घ्यायची, हा खरा प्रश्न. एका वाणात गोडी असते, पण फळ मऊ पडते. दुसऱ्याचे फळ ट्रकमधून हजार किलोमीटर जाऊनही टिकते, पण चवीला नुसते पाणी. कधी हवा असलेला गुण लागवडीच्या कुठल्याच वाणात नसतो. कॅलिफोर्नियाच्या रॉइस ब्रिंगहर्स्ट यांना दिवस लहान असो वा मोठा, फुलत राहणारी स्ट्रॉबेरी हवी होती. नेहमीचे बहुतेक वाण दिवस लहान झाल्यावरच फुलावर येतात. हा गुण त्यांना यूटा राज्यातल्या वासॅच डोंगरात, रानटी स्ट्रॉबेरीत मिळाला. रानटी रोपाची फळे अगदीच बारीक, म्हणून त्याची संतती पुन्हा पुन्हा मोठ्या फळांच्या वाणांशी संकरित करावी लागली. १९५०च्या दशकात गोळा केलेल्या त्या रोपाचे फलित बाजारात यायला १९८० च्या आसपासचा काळ उजाडला. अमेरिकेत आज उन्हाळाभर स्ट्रॉबेरी मिळते, त्यात या डोंगरी पूर्वजाचा वाटा मोठा आहे.

टाकून देण्याचे काम

संकराने आलेली हजारो रोपे शेतात लावली की पैदासकार ओळीओळीने हिंडत फळे चाखतो, दाबून पाहतो आणि बहुतेक रोपे नाकारतो. निवडलेल्या मोजक्या रोपांचे रनर घेऊन पुढच्या हंगामात छोटे वाफे लावतात, त्यातून उरतील त्यांच्या अनेक ठिकाणी तुलनात्मक चाचण्या होतात आणि शेवटी काही निवडक शेतकऱ्यांच्या रानात परीक्षा. तोडणी दर काही दिवसांनी होते, प्रत्येक वेळी वजन आणि सरासरी आकार नोंदवतात, साखर मोजायला रसाचा ब्रिक्स पाहतात. भुरी, करपा, करडी बुरशी यांना रोप किती बळी पडते हेही बघतात. संकरापासून प्रसारणापर्यंत सात ते दहा वर्षे सहज जातात.

आता यात जनुकीय चाचण्यांची भर पडली आहे. स्ट्रॉबेरीच्या सुवासात पीचसारखी छटा आणणारे गॅमा डेकालॅक्टोन नावाचे रसायन काही वाणांत असते, काहींत मुळीच नसते आणि हा फरक एका जनुकावर अवलंबून आहे. त्यामुळे रोप कोवळे असतानाच पानाचा तुकडा तपासून निम्मी रोपे बाद करता येतात. लागवडीच्या स्ट्रॉबेरीचा संपूर्ण जनुकसंच २०१९ मध्ये वाचला गेला, तोही महाबळेश्वरात माहीत असलेल्या कॅमारोसाचा. तरीही कोणते रोप ठेवायचे याचा शेवटचा निर्णय वाफ्यात उभे राहून, फळ तोंडात टाकूनच होतो.

या काळात रोपाला नाव नसते, क्रमांक असतो. स्वीट चार्लीच्या वंशावळीत मादी वाण म्हणून ‘एफएल ८०-४५६’ अशी नोंद आहे, म्हणजे फ्लोरिडाचे एक क्रमांकित निवड रोप. नर वाण कॅलिफोर्नियाचा ‘पाहारो’. १९९२ मध्ये वाण प्रसारित झाला तेव्हा त्याला पैदासकार चार्ल्स हॉवर्ड यांच्या नावावरून नाव मिळाले. लवकर येणारे पीक आणि फळावरच्या करप्याला दाद न देणे हे त्याचे बळ.

रोप शब्दांत पकडताना

अमेरिकेत १९३० च्या कायद्याने कलम, रनर अशा मार्गाने वाढणाऱ्या वाणांना पेटंट मिळू लागले. इतर अनेक देश १९६१ च्या ‘युपोव्ह’ या आंतरराष्ट्रीय कराराची चौकट पाळतात. दोन्हीकडे मूळ मागणी एकच: हा वाण ओळखायचा कसा, ते सांगा.

युपोव्हच्या पद्धतीत वाण नवा असावा लागतो आणि तीन कसोट्यांवर उतरावा लागतो. तो माहीत असलेल्या सर्व वाणांहून वेगळा हवा, त्याची सगळी रोपे एकसारखी हवीत आणि पिढ्यांमागून पिढ्या तो तसाच राहायला हवा. त्यासाठी स्ट्रॉबेरीच्या लक्षणांची लांबलचक यादी आहे. झाडाची ठेवण ताठ, अर्धताठ की पसरट? पानाच्या वरच्या बाजूला चकाकी किती, फुगवटे किती? मधल्या पर्णिकेची लांबी रुंदीच्या मानाने किती? फुलांचा तुरा पानांच्या खाली राहतो, पातळीत की वर येतो? पाकळ्या सुट्या, एकमेकींना टेकलेल्या की एकीवर एक चढलेल्या? फळ शंकूसारखे, हृदयाकृती, गोल की पाचरीसारखे? दाणे गरात रुतलेले, पृष्ठभागाशी समपातळीत की वर उठलेले? हिरव्या टोपीखाली दाणे नसलेला पट्टा किती रुंद? आतला गर कोणत्या रंगाचा, मधोमध पोकळी आहे का?

प्रत्येक लक्षणाला ठरावीक श्रेणी असते आणि ‘मध्यम’ म्हणजे किती हे कळावे म्हणून जाणते वाण उदाहरणादाखल दिलेले असतात. कारण ‘मध्यम चकाकी’ हे शब्द एकट्याने काहीच सांगत नाहीत. रंगासाठी इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा क्रमांकित रंगतक्ता वापरतात, पान किंवा फळ त्यातल्या पट्टीशेजारी धरून क्रमांक लिहितात. सर्वांत जवळच्या वाणाशेजारी नवा वाण लावून फरक दाखवावा लागतो. अमेरिकी वनस्पती पेटंटात हे सगळे वर्णन आणि रंगीत छायाचित्रे असतात आणि शेवटी दावा एकच: वर्णन केले आहे तसे हे रोप.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. संरक्षण मिळण्यासाठी वाण चांगला असण्याची अट नाही, वेगळा असण्याची आहे. चविष्ट, किफायतशीर, रोगाला दाद न देणारा हे गुण बाजार ठरवतो. हक्क देणारे कार्यालय पानाचे केस आणि पाकळ्यांची मांडणी तपासते.

सोलह्यांगचा धडा

वर्णन कुठे आणि कधी नोंदवले यावर किती अवलंबून असते, हे जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यातल्या वादातून दिसते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोरियात बहुतांश स्ट्रॉबेरी जपानी वाणांची होती, त्यात ‘आकिहिमे’ आणि ‘रेड पर्ल’ आघाडीवर. कोरिया २००२ मध्ये युपोव्हमध्ये आला. नव्या सदस्याला सर्व पिके संरक्षणाखाली आणायला दहा वर्षे मिळतात. कोरियाने स्ट्रॉबेरीला ते संरक्षण २०१२ मध्ये, म्हणजे मुदतीच्या टोकाला दिले. स्वामित्वशुल्काची तलवार डोक्यावर असताना नोनसान इथल्या सरकारी स्ट्रॉबेरी केंद्राने आकिहिमे आणि रेड पर्ल यांच्याच संकरातून २००५ मध्ये ‘सोलह्यांग’ हा वाण पुढे आणला. नावाचा अर्थ ‘बर्फाचा सुगंध’. दशकभरात कोरियातली बहुतेक लागवड देशी वाणांची झाली, त्यातही मोठा वाटा सोलह्यांगचा.

जपानमध्ये याकडे वाणांची चोरी म्हणून पाहिले गेले. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला कर्लिंगपटूंनी सामन्याच्या मध्यंतरात कोरियन स्ट्रॉबेरी खाऊन तिची तारीफ केली, तेव्हा थेट कृषिमंत्र्यांना त्यावर बोलावे लागले. जपानच्या कृषी मंत्रालयाने पाच वर्षांतले नुकसान २२ अब्ज येनपर्यंत असल्याचा अंदाज मांडला होता. रोपे कोरियात पोहोचली कशी, हा तक्रारीचा एक भाग. पण संकराबाबत कायद्याने कोरियाची बाजू भक्कम होती. युपोव्हच्या चौकटीत संरक्षित वाणही नव्या पैदाशीसाठी वापरायला मोकळीक असते. शिवाय परदेशात वाणाची नोंदणी करायची तर त्याची परदेशातली पहिली विक्री होऊन चार वर्षे उलटायच्या आत अर्ज करावा लागतो. ती वेळ टळली की वाण कायद्याच्या लेखी नवा राहत नाही, मग तो कितीही गोड असो.

जपानने २०२० मध्ये बियाणे कायदा दुरुस्त केला. संरक्षित वाणाची रोपे देशाबाहेर नेण्यावर पैदासकाराला बंदी घालता येऊ लागली आणि एप्रिल २०२२ पासून शेतकऱ्याला स्वतःच्या शेतापुरते रनर वाढवायलाही परवानगी लागू लागली. ही दुसरी तरतूद जपानी शेतकऱ्यांतच वादग्रस्त ठरली.

महाबळेश्वरच्या वाफ्यात

भारत युपोव्हचा सदस्य नाही. इथे २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यातही वाण नवा, वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचे दाखवावे लागते. पण या कायद्याच्या कलम ३९ मध्ये शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे.

अमेरिकेतले वनस्पती पेटंट भारतात लागू होत नाही आणि स्वीट चार्लीचे पेटंट तर तिथेही केव्हाच संपले. मग त्याची मातृरोपे बाहेरून का आणायची? कारण रनरमधून वाणाबरोबर विषाणूही पुढच्या रोपात उतरतात. काही पिढ्यांत वाण तोच राहतो, वर्णनही तेच, पण फळ बारीक होते आणि तोडा घटतो. परदेशी रोपवाटिका वाढत्या टोकाच्या सूक्ष्म भागापासून, ऊतिसंवर्धनाने, विषाणूमुक्त रोपे तयार करतात आणि ती तपासून विकतात. महाबळेश्वरचा बागायतदार किंमत मोजतो ती मुख्यतः या स्वच्छ रोपाची.