अंजूरचा ऊकार

भिवंडीनजीकच्या अंजूरचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते ते गंगाजी नाईकांमुळे. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत या घराण्याने पेशव्यांना साहाय्य केले. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार मोडीत चाले आणि मोडी लिहिणारे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत. गावाच्या नावातील दीर्घत्व आपण बाळबोधीत लिप्यंतर करताना ठरवतो.

हाच निर्णय आता संगणक मागतो. त्याच्या स्मृतीत अक्षरांच्या जागी क्रमांक असतात. पूर्वी अनेक फाँटांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेल्या असत. फाँट बदलला की मजकूर निरर्थक होई. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकाने आणि त्याच वर्षीच्या युनिकोडने देवनागरी वर्णांनाच क्रमांक दिले. त्यानुसार 'अंजूर' म्हणजे पाच क्रमांक. ल आणि श यांचे मराठी वळण मात्र फाँटवर आणि मजकुराच्या भाषेच्या नोंदीवर अवलंबून राहिले.

मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. तेथे ऱ्हस्व आणि दीर्घ उकारांना वेगळे क्रमांक आहेत. जुना कागद टंकित करणाऱ्याला त्यांतील एक निवडावाच लागतो. लेखकाने मोकळ्या ठेवलेल्या जागेला क्रमांक नाही. पुढे अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधात 'अंजुर' आणि 'अंजूर' ही दोन गावे ठरतात आणि अभ्यासकाच्या हातून कागद निसटतो. म्हणून टंकित पाठासोबत मूळ कागदाचे छायाचित्र आणि लिप्यंतराचे नियम जपले जावेत, असे आम्हांस वाटते.